हिशेबाचीं नवीं साधनें आणि तीं वापरणाऱ्यांचें मत

प्रत्येक सहकारी संस्थेनें आपली वार्षिक साधारण सभा ३० सप्टेंबरच्या आंत भरवावी असा नियम आहे. नफ्याची वांटणी, हिशेबतपासनिसाची नेमणूक, थकबाकीची वसुली, हे विषय या सभेपुढें वर्षानुवर्षें येत आले आहेत. अलीकडे त्यांत आणखी एका विषयाची भर पडली आहे. संस्थेच्या दप्तरासाठीं कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, घेतलेलें ठेवावें कीं बदलावें, आणि त्याचा वार्षिक आकार कोठून भरावा, हा तो विषय होय. लोणंदच्या आसपासच्या विकास सेवा सोसायट्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, दूध संस्था आणि पेठेंतील आडतीचीं दुकानें, या सर्वांस हा प्रश्न आतां कोणत्या ना कोणत्या रूपानें पडतो. परंतु बहुतेक ठिकाणीं तो पांच मिनिटांत निकालांत निघतो. विक्रेता येतो, पडद्यावर रंगीत तक्ते दाखवितो, अमुक इतक्या संस्थांनीं हेंच घेतलें असें सांगतो, आणि पुढील कारवाईचा अधिकार चेअरमनांस द्यावा असा ठराव होतो. ज्यानें त्या साधनापुढें रोज बसावयाचें त्या सचिवास, आणि ज्याचा पैसा त्यांत मांडला जावयाचा त्या सभासदास, कोणी विचारीत नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं, साधनाचा निवाडा तें वापरणाऱ्यांच्या मतावर व्हावा. परंतु तें मत सुटें, तोंडी आणि कुरकुरीच्या स्वरूपाचें असून चालणार नाहीं. तें लिहिलेलें, तारीखवार मांडलेलें, शेजारच्या संस्थांच्या अनुभवाशीं ताडून पाहिलेलें आणि सभेपुढें ठेवलेलें असलें पाहिजे. असें मत गोळा करण्याची रीत घालून देणें हें विक्रेत्याचें काम नसून सभासदांचें आहे; आणि ती न घातल्यास होणारें नुकसान सभासदाच्या खात्यावर व सचिवाच्या माथीं लिहिलें जाईल.

हें वाचून आम्ही नव्या साधनांचे विरोधक आहों असा ग्रह कोणीं करून घेऊं नये. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज या तीन पायांवर आपल्या संस्थांचें दप्तर पिढ्यान्पिढ्या उभें राहिलें हें खरें. पण त्यांत व्याज काढतांना रात्री जागाव्या लागत, एका पानाची बेरीज पुढील पानावर नेतांना एक आंकडा चुकला कीं तेरीज जुळेपर्यंत दिवसच्या दिवस जात, आणि आपल्या नांवें बाकी किती हें समजण्यास सभासदाला सचिवाच्या सवडीची वाट पाहावी लागे. संगणकानें हे तिन्ही कष्ट हलके केले यांत शंका नाहीं. केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सर्व देशासाठीं एकच सामायिक सॉफ्टवेअर नाबार्डमार्फत उभें करावें, असें तींत ठरलें. तेव्हां संस्थेनें संगणक घ्यावा कीं नाहीं, हा वाद आतां उरलेला नाहीं. घेतलेलें साधन आपल्या कामास बसतें कीं नाहीं, आणि न बसल्यास तें कोणास व कसें सांगावयाचें, एवढाच प्रश्न उरला आहे.

लोणंद ज्या पुणें-मिरज लोहमार्गावर आहे त्याच मार्गानें पुढें गेलें असतां किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमिनीस विष बाधतें अशी समजूत असल्यामुळें तो कोणी घेईना, आणि पहिले नांगर खपावयास मोठा काळ लागला. ही समजूत वादविवादानें गेली नाहीं. नांगर चालवून पाहिल्यानें गेली. या गोष्टीवरून नव्या साधनास भिऊं नये एवढाच बोध लोक घेतात. आम्हांस तींत दुसराही बोध दिसतो. नांगराचें काम उघड्यावर चालतें. तास किती खोल गेलें, ढेकूळ कसें निघालें, बैलांस ओढ किती बसली, हें शेजाऱ्यास बांधावर उभें राहून पाहतां येतें, आणि संध्याकाळपर्यंत तें गांवभर होतें. सॉफ्टवेअरचें काम पेटींत बंद असतें. तें बांधावरून दिसत नाहीं. म्हणून जें काम त्या काळीं शेजाऱ्याच्या डोळ्यांनीं आपोआप झालें, तें आतां लिहून व एकमेकांस सांगून मुद्दाम करावें लागणार आहे.

मतांचा दुष्काळ आहे असें नाहीं. उलट फार सुकाळ आहे. कोणतेंही ॲप उघडावें तों त्याखालीं तारकांची रांग आणि शेंकडों लोकांचे अभिप्राय दिसतात. कचेऱ्यांच्या व कंपन्यांच्या उपयोगाच्या साधनांविषयीं केवळ अभिप्राय छापणारीं संकेतस्थळेंही परदेशांत आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं अभिप्राय लिहिणारास भेटकार्डही देतात. या व्यवहारांत खोटेपणा इतका शिरला कीं सरकारांस त्यांत लक्ष घालावें लागलें. भारतीय मानक ब्यूरोनें नोव्हेंबर २०२२ मध्यें आयएस १९००० या क्रमांकाचें मानक काढून अभिप्राय कसे गोळा करावे, कसे तपासावे व कसे प्रसिद्ध करावे याची पद्धत घालून दिली. अमेरिकेंत खोट्या व विकत घेतलेल्या अभिप्रायांस मनाई करणारा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून अंमलांत आला. परंतु हे सर्व अभिप्राय खरे आहेत असें धरून चाललें तरी ते आपल्या उपयोगी किती? मुंबईंतील एखाद्या कचेरींत जें साधन उत्तम ठरलें तें मार्चअखेरीस पीककर्जाची वसुली घेणाऱ्या सोसायटींत उत्तम ठरेलच असें नाहीं. बैल कितीही नांवाजलेला असला तरी तो आपल्या रानांत, आपल्या औताला जुंपून पाहिल्याशिवाय कोणी इसार देत नाहीं. साधनाविषयीं तेवढी चौकसपणाची रीत आपण कां सोडावी?

आतां वापरणारे काय म्हणतात तें पाहूं. चारचौघांनीं मिळून करावयाच्या कामासाठीं आपल्याकडे सर्वांत अधिक चालतें तें साधन व्हॉट्सॲप. उत्पादक कंपनीनें खताची मागणी विचारावी, बाजारभाव कळवावे, ट्रक कोठें भरावयाचा तें सांगावें, हें सर्व त्यावर होतें. ज्यास लिहिण्याचा कंटाळा तो बोलून निरोप पाठवितो, आणि त्यासाठीं कोणास शिकवावें लागत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. परंतु शंभर सभासदांनीं शंभर प्रकारें लिहिलेली मागणी त्यांतून वेंचून तिची बेरीज करणें हें काम शेवटीं कारकुनाच्याच गळ्यांत पडतें, आणि शुभप्रभातीच्या चित्रांखालीं एखाद्याची मागणी दडून राहते. दुसरें साधन म्हणजे सामायिक तक्ता, ज्यांत अनेकांस एकाच वेळीं लिहितां येतें. त्यानें बेरजेचें काम सुटतें. पण एकाच्या बोटाच्या धक्क्यानें दुसऱ्याचा आंकडा बदलला तर तो कोणीं व केव्हां बदलला हें शोधून काढण्यास जाणता मनुष्य लागतो. तिसरें टॅलीसारखें हिशेबाचें सॉफ्टवेअर. तें जाणणारा कारकून तालुक्याच्या गांवीं सहज मिळतो, ही त्याची जमेची बाजू. मात्र सभासदाचें पीक, क्षेत्र व कर्जमर्यादा यांची सांगड त्यांत वेगळी बसवून घ्यावी लागते. उत्पादक कंपन्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कंपनी कायद्याखालील नियमांप्रमाणें १ एप्रिल २०२३ पासून, संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीनें, प्रत्येक नोंद व तींतील प्रत्येक बदल टिपून ठेवणारें आणि ती टिपण्याची सोय बंद न करतां येणारें सॉफ्टवेअरच वापरलें पाहिजे. साधा तक्ता मागणी गोळा करण्यास ठीक. त्याला हिशेबाची वही समजूं नये.

हीं मतें ज्या बारकाव्यांतून निघतात ते बारकावे कामावर बसणाऱ्यासच ठाऊक असतात. लोणंदच्या कांद्याच्या पेठेंतील एक उदाहरण घेऊं. समजा, एका सभासदानें उत्पादक कंपनीमार्फत शंभर पिशव्या कांदा पाठविला. लिलावांत त्याचीं तीन वक्कलें पडलीं. मोठा माल एका दरानें गेला, मध्यम दुसऱ्या, आणि गोल्टी तिसऱ्या. मोटारभाडें व आगाऊ उचल वजा होऊन पट्टी तयार झाली. आतां कंपनीचें सॉफ्टवेअर एका पावतीस एकच दर घेणारें असेल तर कारकून काय करतो? तो सरासरी दर काढून भरतो. पैसा पैशास जुळतो, हिशेबतपासनिसास कांहीं दोष दिसत नाहीं, आणि संचालकांस पडद्यावर सुंदर आलेख दिसतो. परंतु कोणत्या प्रतीचा माल किती निघाला ही नोंद मात्र कायमची नाहींशी झाली. पुढील हंगामांत कोणतें बियाणें घ्यावें, लागण किती अंतरावर करावी, पाणी केव्हां तोडावें, हें ठरवितांना शेतकऱ्यास नेमकी तीच नोंद हवी असते. हा दोष विक्रेत्याच्या माहितीपत्रकांत असणार नाहीं, आणि संचालकांच्या ध्यानांतही येणार नाहीं. तो लिलावाच्या दिवशीं घाईनें पट्ट्या भरणाऱ्या कारकुनास ठाऊक असतो, आणि त्याला कोणी विचारीत नाहीं.

वापरणाऱ्यांचें म्हणणें ऐकलें तर साधन सुधारतें, याचें उदाहरण आपल्या राज्यांतच आहे. ई-पीक पाहणीचें ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालें. शेतकऱ्यानें स्वतः शेतांत जाऊन पिकाचें छायाचित्र घ्यावें व नोंद करावी, ही कल्पना चांगली होती. पहिल्या वर्षीं नोंद चुकल्यास दुरुस्त कशी करावी, एका गटांत अनेक पिकें असल्यास तीं कशीं दाखवावीं, अशा अनेक अडचणी गांवोगांव आल्या. त्या अनुभवानंतर ऑगस्ट २०२२ मध्यें सुधारलेलें ॲप आलें. त्यांत केलेली नोंद ४८ तासांच्या आंत दुरुस्त करण्याची सोय झाली. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकें नोंदवितां येऊं लागलीं. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्यानें दहा टक्के नोंदी तपासाव्या असें ठरलें. यांतील प्रत्येक सुधारणा कोणा ना कोणा शेतकऱ्याच्या बांधावरील अडचणीस उत्तर आहे.

आणि अशा नोंदीवर शेतकऱ्याचें काय अवलंबून असतें, हें कांदा पिकविणारास निराळें सांगावयास नको. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळांत विकलेल्या कांद्यास राज्य सरकारनें क्विंटलास ३५० रुपये अनुदान, दर शेतकऱ्यास २०० क्विंटलांच्या मर्यादेंत, जाहीर केलें. म्हणजे एका खातेदाराचे सत्तर हजार रुपयांपर्यंतचे पैसे विक्रीची पट्टी आणि सातबाऱ्यावरील कांद्याची नोंद या दोन कागदांवर लटकले होते. ज्याचा कांदा खरा, विक्री खरी, पण नोंद नव्हती, त्याची त्या वेळीं काय धांवपळ झाली हें ज्यानें त्यानें आठवावें. साधन हें नुसतें कचेरीचें सुख नव्हे; नोंद हाच आतां हक्काचा पुरावा झाला आहे.

वापरणाऱ्यांचें न ऐकल्यास काय होतें, त्याचें उदाहरण फार दूरचें, पण आपल्या सचिवांस फार जवळचें आहे. इंग्लंडांत खेडोपाडीं टपालकचेऱ्या चालविणारे पोस्टमास्तर असतात. त्यांपैकीं बहुतेकांचें तें दुकानवजा स्वतंत्र काम असतें. १९९९ च्या सुमारास त्यांच्या कचेऱ्यांतून 'होरायझन' नांवाचें हिशेबाचें सॉफ्टवेअर बसविण्यांत आलें. तें फुजित्सू कंपनीचें होतें. थोड्याच काळांत कित्येकांच्या हिशेबांत तूट दिसूं लागली. ते मदतीच्या दूरध्वनीवर विचारीत, तेव्हां पुष्कळांस उत्तर मिळे कीं, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहां. करारानें तूट भरून देणें त्यांजवरच होतें. कोणीं घर गहाण टाकून ती भरली, कोणाचें दिवाळें निघालें, आणि पुढें जवळपास सोळा वर्षांत ९०० हून अधिक लोकांस चोरी, अफरातफर व खोटे हिशेब या आरोपांखालीं शिक्षा झाल्या. कित्येक तुरुंगांत गेले. संगणक बिघडला असें कोणी सिद्ध करीपर्यंत तो बरोबरच चालत होता असें धरावें, ही तेथील न्यायालयांची रीत त्यांच्या विरुद्ध गेली.

हें फिरलें केव्हां? तर ते एकटे नाहींत हें त्यांस कळलें तेव्हां. २००९ मध्यें एका संगणकविषयक नियतकालिकानें सात जणांच्या हकीकती एकत्र छापल्या, आणि त्याच वर्षीं ॲलन बेट्स या माजी पोस्टमास्तरानें आपल्यासारख्या लोकांची संघटना उभी केली. एकाची तूट ही एकाची चोरी वाटे. शेंकडों लोकांची तूट शेजारीं शेजारीं मांडल्यावर तो सॉफ्टवेअरचा दोष दिसूं लागला. ५५५ जणांनीं मिळून दावा लावला, आणि डिसेंबर २०१९ मध्यें तेथील उच्च न्यायालयानें त्या सॉफ्टवेअरमध्यें हिशेब बिघडविणारे दोष होते असा निर्णय दिला. मे २०२४ मध्यें पार्लमेंटनें कायदा करून अशा शिक्षा रद्द केल्या. न्याय मिळाला खरा; पण तोंपर्यंत वीस वर्षें लोटलीं होतीं, आणि कित्येक तो पाहण्यास उरले नव्हते.

आपल्या सोसायटीच्या सचिवाची स्थिती त्या पोस्टमास्तराहून फारशी निराळी आहे काय? रोख त्याच्या हातीं, नोंद त्याच्या नांवें, आणि तूट निघाली तर पहिलें बोट त्याच्याकडे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या ८८ व्या कलमाप्रमाणें संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी संचालक व नोकर यांच्यावर व्यक्तिशः बसूं शकते. अशा मनुष्यानें "यंत्रांत कांहींतरी चुकतें आहे" असें म्हटलें तर तें सबबीसारखें वाटतें. पण तीच गोष्ट त्यानें ज्या दिवशीं घडली त्या दिवशीं लिहून ठेवली असेल, संचालकांस दाखविली असेल, आणि शेजारच्या पांच संस्थांच्या वह्यांतही तीच आढळली, तर ती सबब राहत नाहीं, पुरावा होते. सभासदाचेंही तसेंच. मुदतीच्या अखेरच्या दिवशीं भरलेलें कर्ज साधनानें दुसऱ्या दिवसाच्या तारखेस जमा धरलें, तर तो सभासद थकबाकीदार ठरून व्याजाची सवलत गमावून बसतो. आणि हातीं पावती नसेल तर त्याचें कोण ऐकणार?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो अगदींच खोटा नाहीं. कित्येक जुन्या सचिवांची तक्रार साधनाविरुद्ध नसून शिकण्याविरुद्ध असते. आणि जेथें वहीचीं पानें सोयीनें फिरविलीं जात तेथें, बदललेली प्रत्येक नोंद टिपून ठेवणारें साधन नकोसें वाटणें स्वाभाविकच आहे. अशांच्या मतावर संस्था चालविली तर सुधारणा कधींच होणार नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. म्हणूनच आम्ही तोंडी मत नको, लेखी हवें, असें म्हणतों. "हें निकामी आहे" हें मत नव्हे. "अमुक तारखेस अमुक पावती भरतांना व्याज इतकें यावयास पाहिजे होतें, तें इतकें आलें, हातानें काढलेला हिशेब सोबत आहे" हें मत. पहिलें वाक्य आळशीही लिहूं शकतो; दुसरें लिहावयास काम केलेलें असावें लागतें. शिवाय वहींत गुणही लिहावयाचे आहेत. ज्या कामास पूर्वी चार दिवस लागत तें एका दुपारीं झालें, तर तेंही तारखेसह लिहावें. केवळ दोषांची वही ही रुसव्याची वही होते, आणि तिचें वजन राहत नाहीं.

तेव्हां आमची सूचना अशी आहे. प्रत्येक संस्थेनें संगणकाशेजारीं एक साधी अभिप्राय-वही ठेवावी. तींत तारीख, काम कोणतें होतें, काय व्हावयास पाहिजे होतें, काय झालें, वेळ किती गेला, कोणास कळविलें, आणि उत्तर केव्हां व काय आलें, एवढे रकाने पुरेत. ती सचिवानें लिहावी. परंतु सभासदास पावतींत, नांवांत वा बाकींत चूक आढळल्यास त्यालाही तींत लिहिण्याचा हक्क असावा. दरमहा संचालकांच्या सभेपुढें ती वही ठेवून वाचल्याची सही घ्यावी. नवें साधन घेतांना खरिपाच्या कर्जवांटपापासून मार्चअखेरपर्यंत एक पुरा हंगाम निवडक पन्नास खातीं हातानेंही लिहावीं, आणि दोन्ही तेरजा ताडून पाहाव्या. यांत थोडें काम वाढतें. पण तें वर्षभरापुरतें आहे, आणि चुकलेलें खातें निस्तरावयास त्याहून फार अधिक काळ लागतो.

दुसरी गोष्ट, या वह्या एकत्र याव्या. खंडाळा, फलटण आणि नीरेपलीकडील पुरंदर-बारामतीच्या गांवांतील मंडळी लोणंदच्या पेठेंत कामाकाजास येतच असते. वर्षांतून दोन वेळां, एक हंगामापूर्वी व एक वार्षिक सभेपूर्वी, जवळपासच्या संस्थांच्या सचिवांनीं व प्रत्येकीं एका सभासदानें येथें बसावें आणि आपापल्या वह्या वाचाव्या. जो दोष तीन संस्थांत आढळेल तो संयुक्त पत्रानें जिल्हा मध्यवर्ती बँकेस, उपनिबंधकांस व साधन पुरविणारांस कळवावा. एकट्या सचिवाच्या पत्रास उत्तर न आलें तरी दहा संस्थांच्या पत्रास तें द्यावें लागतें. आणि सामायिक सॉफ्टवेअर सर्व देशाचें एकच असेल तर एका गांवीं सांपडलेला दोष हजारों गांवांचा दोष असणार, हें ध्यानांत घेतां या श्रमाचें फळ आपल्यापुरतेंच राहणार नाहीं.

तिसरी गोष्ट, जेथें संस्था वा कंपनी स्वतः करार करून साधन घेते तेथें कांहीं अटी आधींच लिहून घ्याव्या. सभासदांचीं नांवें व पावत्या मराठींत निघाव्या; इंग्रजी अक्षरांत लिहिलेलें एकच नांव तीन ठिकाणीं तीन प्रकारें पडून एका मनुष्याचीं तीन खातीं होतात, हा अनुभव नवा नाहीं. प्रत्येक वापरणाराचा परवलीचा शब्द निराळा असावा. सचिवाच्या नांवानें तिघांनीं नोंदी केल्या तर उद्यां जबाब कोणीं द्यावयाचा? करार संपल्यास सर्व हिशेब दुसऱ्या कोणत्याही साधनांत घेतां येईल अशा रूपांत, निराळे पैसे न घेतां, परत मिळावा. सभासदांची माहिती कोणापुढें जाते हें विचारण्याचाही हक्क आहे. त्यासाठीं २०२३ मध्यें कायदा झाला आहे. आणि साधन बंद पडल्या दिवशीं काम कसें चालावयाचें तें आधीं ठरलेलें असावें. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं व्हॉट्सॲप सुमारें सहा तास सर्व जगभर बंद पडलें होतें. ३१ जुलै २०२४ च्या सुमारास बँकांस संगणकसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाल्यामुळें देशांतील सुमारें ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे मोबाईल व इतर मार्गांनीं होणारे देणेंघेणें तात्पुरतें तोडावें लागलें. म्हणून छापील पावतीपुस्तक कपाटांत असूं द्यावें, आणि रोजची तेरीज कागदावर काढून सहीनिशी फाईलींत लावावी. यांत मागासलेपणा कांहीं नाहीं. विहिरीवर विजेचा पंप बसविला म्हणून विहिरीच्या पायऱ्या कोणी बुजवून टाकीत नाहीं.

शेवटीं सभासदबंधूंस एक विनंती. आपण बी घेतांना दहा जणांस विचारतों, गाय घेतांना तिची धार स्वतः काढून पाहतों, विहिरीची जागा ठरवितांना चार पाणाड्यांचें ऐकून पांचव्यास बोलावितों. ज्या साधनांत आपल्या जमिनीची नोंद, कर्जाची बाकी आणि मालाची पट्टी राहावयाची, त्याविषयीं मात्र आपण सभेंत हात वर करून मोकळे होतों. हें बरें नव्हे. येत्या वार्षिक सभेंत हा विषय निघाला कीं, प्रत्येकानें एवढेंच विचारावें: हें साधन वर्षभर वापरलें त्यानें काय लिहून ठेवलें आहे? वही पुढें आली तर ती वाचावी आणि मगच ठरवावें. वही नसेल तर त्या सभेंत पहिला ठराव ती सुरू करण्याचा करावा, आणि साधनाचा ठराव पुढील सभेवर ठेवावा.